अडीच परस

शनिवारी दुपारी तीन वाजता, संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, कुलूप लावलेल्या लोखंडी जाळीच्या आतून देव गेले — एवढंच ना? ते तर तुमच्याच पेपरात आलंय, साहेब, मग नगर सोडून इथं नागापूरच्या कामगार चाळीत कशाला आलात? बसा. खुर्ची नाही, पण ती पेटी मजबूत आहे, माझ्या हातची आहे. पाणी घ्या. घ्या हो, गार आहे, कळशीतलं आहे. — तर हो, जाळी मीच केली, नाकारतोय कुठे? वर्कशॉपच्या मालकांनी ऑर्डर घेतली, वेल्डिंग माझं. पोलीसही हेच विचारून गेले. मी म्हटलं, उद्या तुमच्या चौकीचं दार कुणी उघडलं तर सुताराला धरणार का? हसले, चहा प्यायले आणि गेले. तुम्ही काही हसत नाही. तुम्ही लिहून घेताय. घ्या. माझी सेकंड शिफ्ट आहे, भोंगा व्हायच्या आत काय विचारायचं ते विचारा — नाव कचरू सहादू, आडनावाचं राहू द्या, गावाचं तर मुळीच टाकू नका. काष्टीच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठावर, एवढं पुरे.

तुम्हीच लिहिलं होतंत ना त्या प्रदर्शनावर, पहिल्या रविवारी? ‘मातीतून उमटलेला आक्रोश’. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं मलाच कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचलं. — नाही, टोमणा नाही मारत, भाषा चांगली होती. गोरक्ष म्हणजे काय साधा माणूस आहे का! पंचवीस वर्षांची चित्रं एका छताखाली, मुंबईहून पाहुणे, दिल्लीहून पाहुणे, जिल्ह्याचा सुपुत्र म्हणून फाटकावर कापडी फलक. मुंबईत त्याच्या चित्रांवर डांबर फेकलं होतं, अश्लील म्हणून कोर्टात खेचलं होतं, पुढाऱ्यांना गिधाडांची तोंडं काढली म्हणून एकाने थोबाडीत मारली होती. आणि मी कुणाच्या बाजूने होतो सांगू? त्याच्या. मी दोन वर्षं कॉलेज केलंय नगरला, रात्री काम, दिवसा कॉलेज. तेव्हा त्याच्यावरचा खटला मागे घ्या म्हणून सह्या गोळा करत हिंडलोय मी. चित्रं पाहिलीसुद्धा नव्हती. पण आपल्या गावचा, वरच्या आळीचा का असेना, कुणाला भीत नाही, याचं कौतुक वाटायचं. गावात त्याला सगळे गोरख म्हणायचे. तिकडे गेल्यावर तो गोरक्ष झाला.

तर ते मधलं काम — तुम्ही ज्याला ‘प्रदर्शनाचा आत्मा’ म्हणालात ते. पत्र्याचा मोठा हौद, त्यात आमच्या डोहातली वाळू ट्रकने आणून भरलेली, वाळूत अर्धे पुरलेले, अर्धे वर आलेले टाक. कुणाच्या देव्हाऱ्यातला खंडोबा, कुणाची मेसाई, कुणाचा बहिरोबा, तांब्याच्या पितळेच्या पत्र्यावर उठवलेले, चांदीचा एखादाच — आमच्या वस्तीत चांदी कुठली? आणि एका कोपऱ्यात कलंडलेली पितळी कळशी. वरून माझी जाळी. भिंतीवर पाटी — ‘हरवलेले देव’. खाली बारीक अक्षरात — ‘दुष्काळात पाण्यासाठी नदी खणणाऱ्या माणसांना नदीने त्यांचे देव परत दिले.’ वाचलंत ना? वाचलंतच. तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं उतरवलंत. त्या हौदातली वाळू गुडघाभर होती, साहेब. गुडघाभर. माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई वाकून म्हणाली, ‘बाई गं, किती खोल आहे!’

हरवलेले! हरवतं काय हो माणसाचं? किल्ली हरवते, जत्रेत शेळी हरवते. आमचे देव हरवले नव्हते. आम्ही सोडले होते. छप्पन साली, नागपूरच्या दीक्षेनंतर. मी तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, मला सगळं आठवतंय. माझे वडील वस्तीतले मोठे, त्यांनी घराघरातून सुपात टाक गोळा केले आणि सगळी वस्ती डोहावर गेली. तिथे खडकावर बसून बाबांनी एकेक टाक हातोडीने दुमडला. मधोमध एक घाव, मग अंगठ्याने दाबून मिटवायचा, पोळीची घडी घालावी तसा. का? तर नुसते सोडले तर उद्या कुणी उचलेल, पुन्हा मांडेल, आणि म्हणेल बघा, यांचे देव यांच्या मागे आले. बाबा म्हणाले, ‘पुन्यांदा कुनाला मांडता येता कामा न्हाई. सोडलं म्हंजी सोडलं.’ रडलं का कुणी? रंगुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने आपला टाक हातात घेतला, आपल्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, ‘लई कोंबडी खाल्लीस बाबा माझी, आता तुझं तू बघ जा.’ आणि सगळी वस्ती हसली. पोटं धरून हसली. हजार वर्षांचं ओझं सुपातून डोहात चाललं होतं आणि माणसं हसत होती — आमच्या आयुष्यातला तो एक दिवस, जो कुणी आम्हाला दिला नव्हता, आमचा आम्ही घेतला होता. लिहा हे. लिहिताय ना? कारण ते हसू त्या दालनात कुठे नाही. तिथे आम्ही बिचारे. देव हरवलेले बिचारे.

आणि वाळूत पडलेल्या त्या टाकांकडे नीट पाहिलंत का तुम्ही? नसेल पाहिलं. प्रत्येकाच्या पोटावर आडवी रेघ आहे. खंडोबाच्या घोड्याच्या मधून, मेसाईच्या कमरेतून. ती घडीची रेघ आहे. त्याने ते सरळ केले. हातोडी घेऊन, लाकडावर ठेवून, ठोकून ठोकून सरळ केले! माझ्या बापाने दुमडलेले. बापाला विचारलं होतं त्याने, ‘सहादूबाबा, हे असे दुमडलेले का?’ — आणि बाबांनी सगळं सांगितलं होतं, सुपापासून रंगुबाईपर्यंत. मान हलवत ऐकत होता म्हणे. म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. माहीत असून त्याने आमची घडी मोडली आणि खाली लिहिलं ‘हरवलेले’.

सांगतो, तिकडेच येतोय, घाई करू नका. डोह कोरडा पडला म्हणून ते सापडले. बहात्तरला पाऊस आला नाही आणि यंदाच्या उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात बैल बसायला लागले. गावात पाणी नव्हतं का? होतं. राधाकृष्ण बागाईतदाराच्या विहिरीत होतं — हो, तोच राधाकृष्ण, शनिवारचा मोर्चा ज्याने आणला तो. त्याची विहीर खोल, वर इंजिन, आणि आजूबाजूला माणसं मडकी घेऊन फिरत असताना त्याचा ऊस हिरवागार, श्रीगोंद्याच्या कारखान्याला जायला तयार. आमच्या बाया गेल्या तिथे. विहिरीला शिवू नका असं तो म्हणाला नाही, तेवढा मूर्ख नाही तो, कायदा माहीत आहे त्याला. म्हणाला, ‘पानी तळाला गेलंय, आमचंच भागंना.’ तळाला गेलेलं पाणी उसाला मात्र चढत होतं. मग आम्ही डोहात झिरा खणला. वाळूत खड्डा खणायचा आणि तळाशी पाझर फुटायची वाट बघत बसायचं, मग करवंटीने पाणी कळशीत भरायचं, दुसरं काय! आमच्याकडे खोली परसात मोजतात, साहेब, परस म्हणजे उभ्या माणसाने हात वर केला की जेवढं होतं तेवढं. पाणी एका परसावर लागलं. मीच होतो खणायला, रजा टाकून गेलो होतो. पाझर फुटला तेव्हा भागिरथीने — माझ्या बायकोने — पहिली करवंटी भरून माझ्या डोक्यावर ओतली. एवढ्या टंचाईत. बाबा ओरडले तिला.

ती बाबांजवळ राहायची, मी इथं कामाला. ही खोली मिळाली की तिला आणायचं ठरलं होतं. — मे महिन्यात मिळाली खोली. 

तर तिलाच पहिला टाक सापडला. करवंटीत वाळूबरोबर वर आला, दुमडलेला, हिरवा पडलेला. तिने बाबांना दाखवला, म्हणाली, ‘मामंजी, तुमचं गिऱ्हाईक परत आलं.’ दोघं हसले, तिने तो बाजूला वाळूत खोचून टाकला आणि कळशी भरली. संपलं. आमच्या दृष्टीने संपलं. पण ही गोष्ट वरच्या आळीला गेली, आणि तेव्हा गोरक्ष गावात होता. दुष्काळाची चित्रं काढायला आला होता, जीप, गळ्यात कॅमेरा. आला, बाबांजवळ बसला, ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावची माणसं आणून डोहात खणायला लागला. आमची सगळी वस्ती दिवसभर श्रीगोंद्याच्या रस्त्यावर खडी फोडायला, दुष्काळी कामावर. उजाडायला जायची, दिवस कलल्यावर यायची. आली तर काय, झिरा मोठा झालेला, रुंद झालेला, खोल झालेला, उतरायला वाळूच्या पायऱ्या पाडलेल्या! वस्तीला वाटलं, गोरखने आमच्यासाठी पाणी खणलं. का नाही वाटणार? उन्हाळ्यात नदीत खड्डा खणणारा माणूस दुसरं काय शोधतो? सगळ्या तालुक्यात एका माणसाने तरी दुसरं काही शोधलं असेल का त्या उन्हाळ्यात? बाबांनी स्वतःचा फेटा सोडला आणि त्याच्या गळ्यात घातला. म्हणाले, ‘गोरखा, लेकरा, तू पानी दिलंस, तुझी हयात वाढंल.’ त्याचा फोटो आहे तिथे. दालनात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला. बाबा फेटा घालतायत, मागे वस्ती उभी. पाहिलात? खाली काय लिहिलंय? ‘देव परत मिळाल्याचा आनंद.’

भागिरथी त्या फोटोत नाही. ती आली नाही म्हणे फोटोला. ती खड्ड्याच्या काठाशी बसून बोटांनी वाळू चाचपत होती. मी शेवटच्या रविवारी गावी गेलो तेव्हा तिनेच सांगितलं मला — ‘अवो, वरची वाळू लांबपातुर वली हुती. वरती पानी कुनी टाकलं?’ मी म्हटलं, खणताना सांडलं असेल. ती म्हणाली, ‘एवढं सांडतंय व्हय?’ मी म्हटलं, झोप आता. 

त्यानंतर मंगळवारी सकाळी, कामावर जायच्या आधी, ती कळशी घेऊन उतरली आणि वाळूचा कडा खाली आला. 

— नाही, थांबा, पाणी नको मला. 

मला निरोप मिळाला, मी एसटीने पोचलो तोवर ऊन डोक्यावर. माणसं खणत होती, वाळू परत येत होती. ओली वाळू एकदा धरते, सुकली की सुटते, रेतीच्या पोत्याला भोक पडल्यासारखी. शेवटी कमरेला दोर बांधून मी उतरलो. वर बाबांनी दोर धरला होता. तळाशी पोचलो, तिच्या हाताला हात लागला, तेव्हा दोर किती सुटला होता ते बाबांनी मोजलं नाही, मी मोजलं. वर आल्यावर मोजलं. दोरावर माझ्या हाताची मूठ होती तिथे ओलं रक्त होतं, तिथून कडेपर्यंत मोजलं. आणि तळाच्या वाळूला कसला वास होता सांगू? डिझेलचा. नदीच्या वाळूला डिझेलचा वास, साहेब! इंजिन लावलं होतं त्याने. पाणी लागल्यावर खाली खणता येत नाही ना — पाझर भरत राहतो — म्हणून रोज इंजिन लावून पाझर उपसायचा, आमच्या तोंडचं पाणी वाळूवर ओतायचं, आणि कोरड्या तळात आणखी खाली जायचं. देव शोधायला. जड वस्तू वाळूत खाली खाली जाते, त्याने बरोबर ओळखलं. हुशार माणूस. आणि इंजिन कुणाचं? सांगा ना. राधाकृष्णाचं! प्यायला पाणी देताना ज्याचं तळाला गेलेलं, त्याने उपसायला इंजिन दिलं. दोघं एका आळीचे.

पंचनाम्यात काय आलं? पाणी भरताना कडा ढासळून अपघाती मृत्यू. खड्ड्याची खोली अंदाजे एक परस. अंदाजे! मोजलं कुणी? मी म्हटलं, साहेब मोजा. ते म्हणाले, आता काय मोजता, बुजला की. गोरक्ष तेव्हा मुंबईला निघून गेला होता, टाक भरलेली ट्रंक घेऊन. भेटायला आला नाही. म्हणजे तसा बाबांना निरोप पाठवला होता, फार वाईट वाटलं म्हणून. बाबा तेव्हापासून डोक्याला काही बांधत नाहीत. बोडके फिरतात.

मग पावसाळा झाला, यंदा बरा झाला, आणि दिवाळीच्या तोंडाला आमच्या वर्कशॉपात हौदाचं आणि जाळीचं काम आलं. कागदावर आकृती, कोपऱ्यात नाव — ‘झिरा’. मी मालकांना म्हटलं हे काम मला द्या. गोरक्ष आला होता एकदा बघायला. झब्बा, पांढरी दाढी राखलीय आता. माझ्यासमोर उभा राहिला, ओळखलं नाही. कशाला ओळखेल? डोळ्यांवर वेल्डिंगची काच होती माझ्या. मी काच वर केली आणि विचारलं, ‘साहेब, असला खरा झिरा केवढा खोल असतो?’ त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. पाहिलं हं, एक क्षण काहीतरी हललं चेहऱ्यावर. आणि म्हणाला, ‘इथे गुडघाभर पुरे.’ 

तेव्हाच मी जाळीच्या बिजागरीची खीळ — हं? बिजागरीचं म्हणत होतो, की तिची खीळ वेल्डने बुजवायची राहिली. राहतं कधीकधी. कामाचा बोजा असतो. खालून ठोकली की ती वर येते, कुलपाला हात लावायची गरज नाही. चोराच्या ते लक्षात आलं असणार. असणार म्हणतोय मी.

शनिवारचं? शनिवारी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. राधाकृष्णाने मोर्चा आणला, दोन ट्रक माणसं, घोषणा काय — ‘आमच्या देवांची विटंबना बंद करा.’ आमच्या! साहेब, तो खंडोबा कचरू सहादूच्या आजाचा होता, ती मेसाई रंगुबाईची होती, ते टाक आमच्या देव्हाऱ्यात होते तेव्हा राधाकृष्णाच्या बापाने त्यांच्यावर आपली सावलीही पडू दिली नव्हती. आता संग्रहालयात गेल्यावर ते ‘आमचे’ झाले! फाटकावर रेटारेटी, पोलीस सगळे तिकडे, कुणीतरी दगड मारला, दालनाची काच फुटली, पाहुणे पळाले, बायका किंचाळल्या. आणि अशा वेळी खाकी कपड्यातला एक माणूस, हातात पाना, खांद्यावर गोणपाट, हौदापाशी वाकून काही करतोय — त्याला कोण अडवणार? दुरुस्तीला आलाय म्हणतील. एक शिपाई तर म्हणाला, ‘मिस्त्री, बाजूला व्हा, लागंल.’ — म्हणजे, म्हणाला असेल. 

राधाकृष्णाला धरलं ते योग्य झालं का विचारता? त्याची दोन माणसं कोठडीत, आणि तो स्वतः कालपासून ठाण्याच्या बाकावर. गोरक्षनेच नाव दिलं त्याचं. छापलंत तुम्ही — ‘धर्मांधांनी कलेवर दरोडा घातला.’ आणि राधाकृष्ण म्हणतो, याने स्वतःच लपवले, नाव होण्यासाठी. ज्याने इंजिन दिलं तो आणि ज्याने इंजिन लावलं तो, एकमेकाला चोर म्हणतायत. वाचलं तेव्हा मी पेपर घडी घालून उशाखाली ठेवला. एप्रिलनंतर पहिल्यांदा झोप लागली मला. — निरपराध? कशात निरपराध? या चोरीत असेल. असू दे. बसू दे त्याला बाकावर. त्याला तहान लागू दे, त्याने हवालदाराकडे पाणी मागू दे, आणि हवालदाराने म्हणू दे, पाणी तळाला गेलंय. मला त्याची कीव येत नाही. तुम्हाला येते? तुम्हाला भागिरथीची आली होती का? एप्रिलमध्ये तुमच्या पेपरात चार ओळी होत्या. नाव चुकलं होतं. ‘भिमाबाई’ छापलं होतं. 

देव आता कुठे असतील? मी कसं सांगू? पण एक सांगतो, कुणी ते विकणार नाही. त्या टाकांचं एक असतं — एकदा घडी पडलेली असली ना, की कितीही ठोकून सरळ करा, पुन्हा दुमडताना जोर लागत नाही. शिकंज्यात धरलं की जुन्या रेघेवर आपोआप मिटतो, एकामागून एक, पान मिटावं तसा. आणि दुमडलेला असला की जेवणाच्या डब्यात बरोबर मावतो. काल सकाळी पहिल्या एसटीत इतकी गर्दी होती, डबा मांडीवर घेऊन — डबा रोजचाच हो. काल गेलो होतो गावी. रविवार होता. बाप आहे म्हातारा, जाऊ नये? डोहाला पाणी आहे यंदा, काळंशार. बाबा काठावर उभे होते. मी एकेक — ते एकेक घेत होते हातात, अंगठा फिरवत होते घडीवरून. रंगुबाईचा आला तेव्हा हसले. ‘लई हिंडून आलास रं,’ म्हणाले. छप्पन सालचं सांगतोय मी. छप्पन साली म्हणाले तसं. 

पेन का थांबलं? 

छप्पन साली रंगुबाई स्वतः होती, बरोबर. लक्षात ठेवता तुम्ही. चांगलं आहे. मग हेही लक्षात ठेवा, की मी तुम्हाला काही सांगितलं नाही, आणि तुम्ही ते छापलंत तर सगळं छापावं लागेल, इंजिनापासून. अर्धं छापता येणार नाही. मला आत टाका, मी तयार आहे, कोर्टात उभा करा मला — मला कोर्टच हवंय, साहेब, गोरक्षला साक्षीदार म्हणून तिथे यावं लागेल. शपथेवर. चोरीला काय काय गेलं, आणि ते तुम्ही कुठून आणलं होतं, कुणी खणलं, केवढं खणलं, हे त्याला त्याच्या तोंडाने सांगावं लागेल. दुसरी कुठली वाट ठेवली होती का कुणी आम्हाला? 

काय बघताय तिकडे? कळशी आहे. पितळेची. पोचा आहे कडेला, असतो. आणि नाव आहे, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतातच, आमच्यात काय आणि तुमच्यात काय. डोहातली वाळू ट्रकने नेली तेव्हा सापडली असणार त्याला, आणि त्या दालनात ती अशी कलंडवून ठेवली होती की नाव वाळूच्या बाजूला जाईल. वाचा हवं तर. ‘चि. सौ. भागिरथी हिस’. तिच्या मामाने घातलंय. तुम्ही मघाशी तिच्यातलंच पाणी प्यायलात. 

झाला भोंगा. उठा. — नाही, आता प्रश्न नको, मला गाठायचंय. पिशवी विसरू नका. आणि हे बघा, नगरला जाऊन तुमच्या संपादकाला काय सांगायचं ते सांगा, मला पकडून द्या, देऊ नका, तुमची मर्जी. फक्त एक विचारा त्या दोघांना, आणि त्या पंचनामा लिहिणाऱ्याला, जो कुणी भेटेल त्याला. मी विचारून थकलो. 

पाणी एका परसावर लागलं होतं. खड्डा अडीच परस होता.